कर्जाची दवंडी

श्रीघृष्णेश्वराला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, आमच्या ग्रामपंचायतीच्या दारावर परवा एक कागद चिकटवलेला दिसला. नव्या विकासयोजनेसाठी गावाच्या नावे कर्ज काढावयाचे असून त्यासाठी ग्रामसभा भरणार आहे, असा त्याचा मजकूर. अक्षर इतके बारीक की, दाराच्या चौकटीखेरीज तो कोणी वाचला असेल असे वाटत नाही. तो पाहून गफूरभाईंची आठवण झाली, आणि या वयाला न शोभणारा संतापही आला.

देवगाव रंगारीच्या अलीकडचे आमचे गाव. पोलीस ॲक्शन होऊन निजामी अंमल गेला, पुढे ग्रामपंचायत आली, आणि काही वर्षांनी कापडाचे लहानसे दुकान चालवणारे गफूरभाई सरपंच झाले. मी तेथील शाळेत संस्कृत शिकवीत असे. पंचायतीने काहीही करावयाचे म्हटले की ते सखाराम हलगीवाल्याला बोलावीत आणि दवंडी देणाऱ्या सखारामसोबत स्वतः गल्लोगल्ली हिंडत. विहिरीचा रहाट बदलायचा, तरी दवंडी. "गफूरभाईला शिंक आली तरी हलगी वाजंल," असे कोणी चावडीवर बोलले, तर ते गंभीरपणे उत्तरत, "व्हय तर. शिंकंनं साथ पसरते. लोकांला सांगाया नको?"

मी एकदा कारण विचारले. म्हणाले, "गुरुजी, निजामाच्या वक्ताला हुकूम वरून यायचा, आन् आम्ही मान खाली घालून ऐकायचो. आता हुकूम आपला हाय म्हनत्यात. मंग आपल्याच हुकमाची खबर आपल्याला नगं का?"

एके दिवशी जीप घेऊन तालुक्याचे एक साहेब आले. त्यांची योजना अशी: उंच टाकी, दूरच्या विहिरीपासून नळ, आणि खर्चाचा मोठा भाग पंचायतीच्या नावे कर्ज. ठराव त्यांनी लिहूनच आणला होता. उरली होती ती सरपंचांची सही. ती विहीर चैत्रात कोरडी पडते, हे गावात सर्वांना ठाऊक होते. गावाचे मागणे एवढेच होते की, जुन्या तलावातला गाळ काढावा, म्हणजे आपल्याच विहिरींना पाझर फुटेल. साहेब म्हणाले की, राष्ट्र पुढे चालले आहे, त्याच्या वाटेत आडवे येऊ नका.

गफूरभाई शांतपणे म्हणाले, "चालू द्या की साहेब. पन आमच्या पायानं चालतंय, तर आम्हाला इचारून चालू द्या."

लगेच हलगी वाजली. "ऐका हो ऐका! कर्ज काढायचंय हो! काढनार साहेब, फेडनार आपन! पानी कुठून, ते चैताला इचारा हो!" जीपमध्ये बसलेल्या साहेबांनी ते अक्षर न् अक्षर ऐकले. ग्रामसभेला बायाबापड्यांनी चावडी भरली आणि ठराव एकमुखाने फेटाळला गेला.

त्या संध्याकाळी गफूरभाई माझ्या ओसरीवर आले. मनुष्य देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन जन्मतो, असे मी त्यांना सांगितले. ते ऐकून हसले. "तुमच्या शास्त्रात पोराच्या डोक्यावर बापाचं रीन. ते फेडाया बापानं निदान त्याला वाढवलं तरी. ह्यांच्या शास्त्रात जल्माआधीच टाकीचं रीन, आन् वाढवनार कोनी नाय."

त्यानंतर जे घडले तेही सांगितले पाहिजे. गफूरभाईंवर आरोप आला. काय म्हणून? दवंडीवर मंजुरीवाचून खर्च केला म्हणून! सखारामला ते आपल्या दुकानातून कापड देत, पंचायतीच्या पैशाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. तरीही त्यांना पदावरून दूर केले. मग ठराव दवंडीवाचून, बंद दाराआड संमत झाला. टाकी उभी राहिली आणि पहिल्याच चैत्रात कोरडी पडली. ज्यांनी कर्ज ठरवले ते बढती घेऊन गेले. ज्यांना विचारलेही नव्हते, त्यांच्या दारी त्या कर्जाच्या फेडीसाठी पाणीपट्टी आली. यालाच विकास म्हणावयाचे असेल, तर लूट कशाला म्हणावे?

गावाने पट्टी भरायची नाही असे ठरवले. गफूरभाईंनी मात्र सर्वांआधी भरली. लोक चिडले, मीही चिडलो. ते म्हणाले, "गावाच्या नावानं काढलंय गुरुजी. नाव तर आपलंच हाय ना?" मग सखारामला घेऊन ते थेट तालुक्याच्या कचेरीसमोर उभे राहिले आणि दवंडी दिली, "पट्टी भरली हो! आता पानी दाखवा हो!" ती दवंडी त्यांनी अखेरपर्यंत दर चैत्रात दिली. पाणी कोणी दाखवले नाही.

ते गेले तेव्हा सखारामला कोणी काही सांगितले नव्हते. तो हलगी काखेत धरून, तिच्यावर थाप न मारता, मुक्याने गल्ल्यांतून फिरला. घराघरातून माणसे बाहेर आली आणि जनाज्यामागे चालू लागली. काय झाले, हे कोणालाही विचारावे लागले नाही.

सखारामचा नातू आज गावात आहे, आणि हलगीही. ग्रामसभेआधी मी त्याला बोलावणार आहे. गळा साथ देईल तोवर दवंडी मीच देईन. वाचकहो, तुमच्या उंबऱ्याआत न विचारता कोणाचे ऋण न येवो, तुमच्या विहिरींना चैत्रातही पाझर राहो, आणि तुमच्या लेकरांना आपल्या गावाचा निर्णय आपल्या कानांनी ऐकावयास मिळो, हीच त्या घृष्णेश्वराच्या चरणी प्रार्थना.