उशिरा येणाऱ्या वाघमारे बाई

सुमन गेल्याचा फोन तिच्या मुलीने, प्राजक्ताने केला. ‘मावशी, आई गेली सकाळी,’ एवढंच. चार दिवसांनी आमच्या जुन्या शाळेत शोकसभा झाली. निवृत्त पर्यवेक्षक म्हणाले, ‘वाघमारे बाई उशिरा यायच्या, पण मुलांवर जीव होता हो त्यांचा.’ लोक हळवं हसले. मीही हसले... महिना होत आला, ते हसू मला अजून डाचतंय. कारण सुमन उशिरा का यायची, हे त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं.

आम्ही दोघी एकाच जूनमध्ये शाळेत लागलो. ती सोलापूरकडची, मी साताऱ्याची. दोघींनाही पुण्यात खोली हवी होती. मला शाळेमागच्या गल्लीत पहिल्याच घरी मिळाली. घरमालकीण काकूंनी विचारलं, ‘आडनाव?’ ‘जोशी.’ ‘कधी येताय राहायला?’ माझ्या गोड बोलण्याने काम झालं, असं मी पुढे कितीतरी वर्षं ऐटीत सांगत असे. सुमन शाळेच्या आसपासच्या पेठांतून महिनाभर फिरली आणि शेवटी कात्रजच्या पुढे लांबच्या नातेवाइकांकडे राहिली. दोन बस बदलून यायची. बस चुकली की मस्टरवर लाल शेरा. ‘अगं, जरा लवकर निघत जा ना,’ मी तिला सांगायचे. शाळेपासून चार मिनिटांवर राहणारी मी!

दुसऱ्या वर्षी काकूंची वरची खोली रिकामी झाली. मीच सुमनला घेऊन गेले. काकूंनी कौतुकाने विचारपूस केली, मग आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर म्हणाल्या, ‘अहो, विसरलेच बघा. ती खोली आमच्या भाच्यासाठी ठेवलीय.’ जिना उतरताना मी म्हणाले, ‘नशीब बघ तुझं.’ सुमन म्हणाली, ‘भाचा आला की कळव.’

पुढच्याच महिन्यात तिथे देशपांडे नावाची बँकेतली मुलगी राहायला आली. तेव्हा मला कळलं. लख्ख कळलं. तरी मी काकूंना एका शब्दाने विचारलं नाही. तिथेच सहा वर्षं राहिले, त्यांचा दिवाळीचा फराळ खाल्ला, सुमनच्या लाल शेऱ्यांवरचे स्टाफरूममधले विनोद ऐकले. खूप वर्षांनी एकदा तिला म्हणाले, ‘तू तेव्हा काही बोलली का नाहीस?’ ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, ‘घर तुझ्या ओळखीचं होतं. तू बोलायचंस.’

काकूंचा राग येतोच. त्याहून जास्त माझा येतो. नुसत्या आडनावाने उघडलेल्या दाराला मी स्वतःचं कर्तृत्व समजत आले. आणि त्या शोकसभेत तरी? माईक माझ्या हातात होता. ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’ असलं काहीतरी बोलून मी खाली बसले.

गेल्या रविवारी तिच्या घरी गेले. कात्रजला तिने आणि नवऱ्याने बांधलेलं दुमजली घर. फाटकावर तिच्या वळणदार अक्षरात पाटी आहे: ‘वरची खोली भाड्याने देणे आहे. आडनाव विचारले जाणार नाही. आपणहून सांगू नये.’

‘खोली भरलेली असली तरी आई पाटी काढू द्यायची नाही,’ प्राजक्ता म्हणाली. ‘रंग उडाला की स्वतः गिरवायची.’

तेवढ्यात वर राहणारी मुलगी खाली आली. ‘नमस्कार, मी अश्विनी,’ म्हणाली. मी तिच्याकडे बघत राहिले. ती हसून, चपला घालून निघूनही गेली... आणि मग माझ्या लक्षात आलं, मी पुढच्या शब्दाची वाट बघत होते.