रझियाभाबींना दिसेल असा रंग

१९९८ साली मी विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणून रत्नागिरीत आलो. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, नुकसान किती ते ठरवायचं आणि गॅरेजवाल्यांशी हुज्जत घालायची, हे माझं काम. इद्रीसभाई पेंटर यांच्याशी मात्र हुज्जत घालायची वेळ फारशी आलीच नाही. ते दोनच शब्द बोलायचे आणि ते खरे असायचे. मग चहा यायचा.

उद्यमनगरात त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मागची भिंत जांभ्या दगडाची. रंग मारायच्या आधी स्प्रे गन नीट चालते की नाही हे ते त्या भिंतीवर एक फवारा मारून बघत. वीस वर्षांचे फवारे एकावर एक बसून भिंतीला जाड साय धरली होती. आकाशी, पोपटी, शेंदरी, जांभळट. आखातातून सुटीवर आलेली माणसं जुनी फियाट घ्यायची आणि तिला हौसेने असा रंग मारून घ्यायची की पोरं मागे धावत.

मी आलो तेव्हापासून भिंतीवर नवे फवारे पडत होते ते पांढरे नाहीतर चंदेरी, फार तर राखाडी. नव्या गाड्या त्याच रंगात येत होत्या आणि त्यांच्याच ओरखड्यांवर टचिंग करायचं असे.

"लोकांना झालंय तरी काय?" मी एकदा विचारलं.

"काय नाय झालं," इद्रीसभाई पॉलिश पेपर पाण्यात बुडवत म्हणाले. "कुणी बोलतो, पांढरी तापत नाय. कुणी बोलतो, चंदेरीवर धूळ दिसत नाय. पण खरं कारण एकच. गाडी घेतानाच माणूस विकायचा विचार करतो. उद्या जो घेणार, त्याला चालेल असा रंग. तो उद्याचा माणूस अजून कुणी बघितलेला नाय, पण पसंती त्याची. आणि गिऱ्हाईक मागत नाय म्हणून शोरूमवाला रंगीत गाडी मागवत नाय. शोरूममध्ये दिसत नाय म्हणून गिऱ्हाईक मागत नाय."

"तुम्ही काय सांगता लोकांना?"

"मी? मी पण पांढरीच सांगतो. टचिंगला सोपी, विकायला सोपी." आणि ते हसले. रंगाचा माणूस असून याचं त्यांना दुःख वगैरे नव्हतं. गिऱ्हाईकाचं भलं बघायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

घर राजिवड्याला, खाडीच्या बाजूला. घरी फक्त बायको, रझियाभाबी. एकुलता मुलगा आमीर मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर. २००४ मध्ये त्याने आईबापासाठी नवी छोटी गाडी घेतली. रंग त्याने तिथूनच फोनवर ठरवला, चंदेरी. "अब्बा, सगळ्यात जास्त रिसेल हिलाच आहे," तो म्हणाला. इद्रीसभाईंनी मान डोलावली. ते तरी दुसरं काय म्हणणार होते?

रझियाभाबी गाडीभोवती एक फेरी मारून, टपावर हात फिरवून म्हणाल्या, "छान आहे." त्या वेळी कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या वर्षी संगमेश्वरला इद्रीसभाईंच्या भाचीचं, आयातचं लग्न होतं. हॉलमध्ये बायकांची बसायची जागा वेगळी, पुरुषांची वेगळी. दुपारचं जेवण झाल्यावर भाबींचं डोकं दुखायला लागलं. "मी गाडीत जाऊन टेकते, ह्यांना सांगा," असं आयातच्या आईला सांगून त्या बाहेर पडल्या. समोरच्या वडाखाली गाड्या लागल्या होत्या. भाबी त्यातल्या चंदेरी गाडीचं मागचं दार उघडून आत बसल्या, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि डोळे मिटले.

गाडी त्यांची नव्हती. जवळच्या गावातले भागोजी आणि तुळसा हे शेतकरी नवराबायको बाजाराला आले होते, ही त्यांच्या मुंबईच्या मुलाची गाडी. भागोजी काचा खाली करून समोरच्या टपरीवर चहा पीत होते. एक अनोळखी बाई येते, घरच्यासारखी गाडीत बसते आणि डोळे मिटते, हे त्यांनी पाहिलं आणि कप तसाच खाली ठेवला. परक्या बाईला हटकायचं तरी कसं? तुळसाबाई बांगड्यांच्या दुकानात होत्या, तिकडे ते धावत गेले.

तुळसाबाई आल्या, दुसऱ्या दाराने आत शिरल्या आणि शेजारी बसल्या.

"बाय, कुठं जायचंय तुमाला?"

भाबींनी डोळे उघडले. "घरी. राजिवड्याला. तुम्ही आयातच्या सासरच्या का?"

"नाय गो बाय. ही आमची गाडी हाय."

भाबी गडबडून उठायला गेल्या. तुळसाबाईंनी त्यांचा हात धरला. "बसा, बसा. उनाचं कुठं जाताव? तुमचं मानूस येईल शोधत. गाड्या काय, सगळ्या येकाच आयशीच्या पोरी. मी पन चुकते." त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. मग दोघी बसून राहिल्या. तुळसाबाईंनी नव्या बांगड्या दाखवल्या, तर भाबींनी त्या बोटांनी चाचपून "हिरव्या आहेत ना?" असं विचारलं.

इकडे इद्रीसभाई भाबींना शोधत होते. आपल्या गाडीत त्या नाहीत. हॉलमध्ये नाहीत. वडाखाली ते इकडून तिकडे गेले, परत आले. दुसऱ्याच्या गाडीत डोकावून बघायची रीत नाही, म्हणून खाली मान घालून चालत होते. शेवटी टपरीजवळ उभ्या असलेल्या भागोजींनीच विचारलं, "कुनाला शोधताव?"

तुळसाबाई भाबींचा हात धरून त्यांना त्यांच्या गाडीपर्यंत सोडायला आल्या. सगळे हसले. भाबीही हसल्या.

हा सगळा प्रसंग इद्रीसभाईंनी मला पुढे सांगितला. परतताना गाडीत झालेलं बोलणं मात्र त्यांनी बऱ्याच उशिरा सांगितलं, तेही दुसरीकडे बघत.

महामार्गाला लागल्यावर ते गमतीने म्हणाले होते, "मी तुझ्या खिडकीपुढून दोनदा गेलो. एक हाक मारायचीस की."

भाबी म्हणाल्या, "ते तुम्ही होतात?"

इद्रीसभाईंनी बावनदीच्या पुलाजवळ गाडी बाजूला घेतली.

"पांढरा सदरा घातलेलं कुणीतरी गेलं, एवढं दिसलं," भाबी म्हणाल्या. "तोंड दिसलं नाही. तोंडं दिसत नाहीत मला. मधोमध धुकं असतं. कडेचं दिसतं."

"कधीपासून?"

"झाली दोनेक वर्षं."

"आणि मला सांगितलं नायस?"

"काय सांगायचं? स्वयंपाक जमतो, घर पाठ आहे. तुमचा आवाज येतो." मग म्हणाल्या, "आमीरला सांगू नका. नोकरी सोडून येईल तो."

इद्रीसभाई पुलाचा कठडा धरून उभे राहिले. ज्या माणसाला दोन पांढऱ्यांतला फरक हाताच्या अंतरावरून कळायचा, त्याला शेजारी झोपणाऱ्या बायकोचे डोळे कळले नव्हते. ते मला म्हणाले, "साहेब, मला राग यायला पाहिजे होता. पण तिने दोन वर्षं एकटीने ते कसं ओढलं असेल, तेच डोक्यात फिरत राहिलं."

मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. गेलं ते परत येणार नाही, पण कडेची नजर बहुतेक टिकेल. परतीच्या वाटेवर भाबी अंबा घाटात डबा उघडून म्हणाल्या, "चला, आता लपवायचं तरी काही राहिलं नाही." आणि त्यांनी पोटभर जेवून घेतलं.

त्यानंतर भाबी एकट्या बाहेर पडेनाशा झाल्या. बाजारात इद्रीसभाई गाडी लावून मासे घ्यायला गेले तर त्या गाडीतून उतरत नसत. "उतरले तर परत कुठल्या गाडीत बसेन सांगता येत नाही," असं हसत म्हणायच्या, पण खरंच उतरायच्या नाहीत.

एका रविवारी मी काही कामासाठी राजिवड्याला त्यांच्या घरी गेलो, तर अंगणात वेगळंच काहीतरी चाललं होतं. इद्रीसभाईंनी पत्र्याचे तुकडे कापून प्रत्येकाला वेगळा रंग मारून आणला होता. एकेक तुकडा घेऊन ते लांब कुंपणाच्या गडग्याजवळ उभे राहात. भाबी ओटीवर खुर्चीत.

"हा?"

"काही नाही. आभाळच दिसतंय." तो चंदेरी होता.

"आणि हा?"

"सावली पडलीये का तिथे?" तो काळा.

लाल तुकडा जांभ्याच्या गडग्यात हरवला. हिरवा मागच्या झाडीत. निळ्यावर भाबी जरा अडखळल्या. मग इद्रीसभाईंनी हळदीसारखा पिवळाधमक तुकडा वर धरला आणि भाबी खुर्चीतून पुढे झुकल्या.

"तो दिसतो."

इद्रीसभाई मागे सरकत सरकत पार पाणंदीत गेले. "आता?"

"अजून दिसतो! अहो, पुरे, पडाल कुठेतरी!"

ते परत आले तेव्हा दोघांचेही डोळे भरले होते. मी उगाच चपला घालायला वाकलो.

पुढच्याच आठवड्यात गाडी गॅरेजमध्ये गेली. गॅरेजवाले, रिक्षावाले, सगळ्यांनी सांगून पाहिलं. नव्या गाडीचा कारखान्यातला रंग कुणी घासतं का? टॅक्सी समजतील. कुणी फुकट घेणार नाही. इद्रीसभाई ऐकत होते आणि घासत होते. प्रायमर झाला. मग त्यांनी गन भरली आणि मागच्या भिंतीवर फवारा मारला. किती वर्षांनी त्या भिंतीवर पिवळा पडला असेल, कोण जाणे. रंग बदलल्याची नोंद आरटीओत आणि विम्यात करावी लागते. ती मी करून दिली. माझ्याकडून होण्यासारखं तेवढंच होतं.

टॅक्सी समजतील हे मात्र खरं झालं. एसटी स्टँडजवळ एका म्हातारबाबांनी दार उघडून "लांजा किती घेणार?" असं विचारलं, तर भाबींनी आतूनच उत्तर दिलं, "आज सुटी आहे."

त्या आता बाजारात उतरू लागल्या. कोळणीशी घासाघीस करायच्या, पिशवी घेऊन वळायच्या, मान थोडी तिरकी करून कडेच्या नजरेने पिवळा शोधायच्या आणि सरळ तिकडे चालू लागायच्या.

आमीरला ही बातमी कुण्या नातेवाईकाकडून कळली. त्याचा फोन आला. "अब्बा, माझ्या घामाची गाडी! एवढी हौस होती तर एखादी जुनी घ्यायची. उद्या विकायची झाली तर?"

कारण सांगायचं नाही, असं भाबींनी हाताने खुणावलं. इद्रीसभाई एवढंच म्हणाले, "विकायची नाय रे." आमीरने फोन ठेवला. पुढे कितीतरी दिवस तो फक्त अम्मीशी बोलायचा. बापाने हे निमूटपणे सोसलं. मुलाला आवडलं नाही म्हणून नाही, तर त्याला खरं सांगता येत नाही म्हणून ते कष्टी असत.

२००६ च्या मे महिन्यात आमीर सुटीवर आला. मुंबईहून सकाळच्या गाडीने रत्नागिरीला. माझ्या साहेबांनाही त्याच गाडीने यायचं होतं, त्यामुळे मी स्टेशनवर होतो. इद्रीसभाई डबा शोधत पुढे गेले होते. भाबी बाहेर पडायच्या दाराजवळ उभ्या होत्या, नवी साडी नेसून.

आमीर मागच्या डब्यातून उतरला, गर्दीतून वाट काढत आला आणि आईच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. बॅग खाली ठेवली. काही बोलला नाही, नुसता हसत राहिला, आई आता गळ्यात पडेल म्हणून.

भाबी मान तिरकी करून त्याच्या खांद्याच्या बाजूने पलीकडे बघत होत्या. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "बाळा, जरा बाजूला होतोस? माझा मुलगा यायचा आहे."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कसं विरलं ते मी पाहिलं. तो बाजूला झाला नाही. खाली वाकला, आईचे दोन्ही तळवे उचलून आपल्या गालांवर ठेवले आणि म्हणाला, "अम्मी."

भाबींची बोटं त्याच्या तोंडावरून फिरली. कपाळ, नाक, वाढलेली दाढी. "वाळलास," त्या म्हणाल्या. एवढं म्हणून त्या रडू लागल्या आणि तोही.

इद्रीसभाई परत आले तेव्हा त्यांना सांगावं लागलं नाही. आमीरने बापाकडे पाहिलं. "मला का नाही सांगितलंत?"

"तिनं शपथ घातली होती."

भाबींनी डोळे पुसले आणि मुलाच्या दंडाला धरलं. "चल. गाडी तिकडे आहे." स्टेशनाबाहेरच्या पांढऱ्या-चंदेरी गाड्यांमधून त्या त्याला घेऊन निघाल्या, न थांबता, कुणाला न विचारता. आमीर बॅग ओढत मागे. पिवळ्या गाडीपाशी पोचल्यावर तो बापाला म्हणाला, "अब्बा, किल्ली द्या. मी चालवतो."

त्या सुटीत तो आईला घेऊन रोज कुठे ना कुठे गेला. एकदा संगमेश्वरलाही. भागोजी-तुळसाबाईंचं घर शोधून काढलं आणि दोघी पुन्हा तासभर बोलत बसल्या. नोकरी मात्र भाबींनी त्याला सोडू दिली नाही.

२००९ मध्ये माझी बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी माझ्या मुलीला, दीपालीला, घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो होतो. सुरूच्या बनाजवळ ती गाडी उभी होती आणि इद्रीसभाई बॉनेटला टेकून उभे. भाबी खाली वाळूत, पाण्याच्या कडेला एकट्याच चालत होत्या. थोड्या वेळाने त्या वळल्या आणि वर यायला लागल्या. इद्रीसभाई जागचे हलले नाहीत. माझ्याशी बोलत होते, पण लक्ष सगळं तिकडे.

भाबी आल्या, गाडीला हात लावला आणि विचारलं, "कोण आलंय?"

"मी, भाबी."

"सर्व्हेअरसाहेब! आणि दीपाली? आणलीत का नाही तिला?" माझी मुलगी पुढे झाली तशी भाबींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "किती उंच झालीस गं."