मेंढीचा कासोटा

मेंढीचं अंग शेपटीखालून बाहेर आलं होतं आणि ते माझ्या दोन्ही हातांत होतं. लालभडक, गरम, दोन मुठींएवढं.

"मावशी, वर धर. मातीला लागू देऊ नकोस," भाची ओरडली. ती जनावरांची डॉक्टर.

मेंढी गाभण होती, कुंथत होती. धनगरीण तिचं डोकं मांडीत दाबून बसली होती.

"मरंल का वं?"

"आत गेलं आणि आत राहिलं तर नाही मरणार. साखर आणा."

"चा करतीस का आता?"

भाचीनं अंग पाण्यानं धुतलं, त्यावर साखर चोळली. सूज उतरू लागली. साखरेनं सूज कशी उतरते ते तिनं सांगितलं, मला कळलं नाही.

भात निघालं की हे धनगर घाटावरून उतरतात. आमच्या मोकळ्या शेतात मेंढ्या बसवतात. आम्हाला खत होतं, त्यांना आम्ही तांदूळ देतो. भाची पनवेलकडच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. अंग बाहेर येणाऱ्या बायकांसाठी तिथे एक नवीन आधार बनवतात. तो आधी जनावरात बसवून बघायचा असतो. कुठल्या जनावरात, हे ठरवायचं काम तिचं. प्रयोगाच्या मेंढ्या ठरलेल्या जागेहून येतात, पण खूप वेळा व्यालेल्या मेंढ्या बघायला म्हणून ती माझ्याकडे आली होती.

आदल्या दिवशी जेवताना मी विचारलं होतं, "उंदीर का नको?"

"बाईच्या मापाची वस्तू उंदरात मावेल का?"

"डुकरीण?"

"तिची आतली वाट वळणावळणाची."

"मग माकडीण घ्या. ती तरी आपल्यासारखी."

"लहान पडते. शिवाय परवानगी सहज मिळत नाही. मेंढीचं माप जवळपास जुळतं. कोकराचं डोकं मोठं, बाळंतपणात ताण पडतो, आणि तिचं अंग आपणहून बाहेर येतं."

"ती चार पायांवर असते. तिचं मागे येतं. बाईचं खाली पडतं."

"माहीत आहे, मावशी. मेंढी सगळं सांगत नाही. आत जखम होते का, सडतं का, एवढं सांगते. पुढचं बायकांवरच बघावं लागतं."

जे सगळं सांगत नाही त्याला विचारायचंच कशाला, हे मला कळेना. मी ताट उचललं.

मला हे कळायला हवं होतं, कारण माझंही अंग बाहेर येतं. धाकटा झाल्यापासून. आधी खोकताना, मग उभं राहिलं तरी. नऊवारीचा कासोटा घट्ट ओढून मी लावणी केली, पाणी भरलं. आता लघवी अडते. दवाखान्यातल्या बाईंनी अंग आत धरून ठेवणारी रिंग बसवा म्हणून सांगितलं होतं. ती आत अडकून मरायचं नव्हतं, म्हणून मी गेले नव्हते आणि घरात कुणाला बोलले नव्हते.

शेतात भाचीनं मेंढीचं अंग हळूहळू आत ढकललं. ते परत येऊ नये म्हणून धनगरणीनं दोरी काढली, मानेवरून, पोटाखालून घेऊन शेपटीमागे बांधली. मेंढी कुंथली आणि अंग पुन्हा दिसलं.

"सैल आहे," मी म्हणाले. "दोन्हीकडून वर ओढ आणि कमरेवर गाठ मार. मधे गाठ नको, काचते. मुतायला वाट ठेव."

तिनं तसं बांधलं. अंग आत राहिलं.

"आज्जे, मेंढीला कासोटा घातलास की गं!" धनगरीण हसली.

भाची हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, तुला कधीपासून?"

"आधी मेंढीचं बघ."

"मेंढीचं झालं. तू रिंग बसवून घे. ती वर्षानुवर्षं बायका वापरतात, तिचं काही मेंढीवरून ठरायचं नाही."

"ही वाचते का बघू."

"हिचा नि तुझा काय संबंध?"

तेच मलाही सांगता येईना. सबंध दुपार तीच मेंढी मला सांगत होती की तिच्यावरून बाईचं कळतं आणि कळतही नाही. त्यानंतर मी रोज शेतावर जाऊन दोरी बघत होते.

मेंढी व्याली तेव्हा भाची परत गेली होती. धनगरणीनं दोरी कापली. कोकरू मेलेलं निघालं. मेंढी उठली आणि बांधावरचं गवत खाऊ लागली.

त्या आठवड्यात मी एसटीनं अलिबागला जाऊन रिंग बसवून घेतली. मेंढी उठली म्हणून गेले की लघवी अडली म्हणून, अजून कळत नाही.

कोकरू गेलं. मेंढी जगली. मी जगले.