दीर, सील आणि माझी पुरणाची चाळण

आमच्या धाकट्या दिरांइतका छळवादी सज्जन माणूस अख्ख्या जर्मनीत दुसरा नसेल. साठ सालच्या सुमारास आम्ही उत्तर समुद्राच्या काठी एका गावात राहत होतो. हे बोटींच्या कारखान्यात, आणि दीर सीलचा अभ्यास करायला. सील म्हणजे कुत्र्याच्या तोंडाचा नि माशाच्या अंगाचा प्राणी. दिरांना वाळूवरचा एकेक सील ठिपक्यांवरून ओळखू येई, पण गावी सासूबाईंना दोन ओळी लिहायला सात महिन्यांत सवड झाली नव्हती. त्या बिचाऱ्या मला विचारायच्या, "तो जेवतो ना गं?"

जेवतो कसला! ताटावर बसून श्वास कोंडायचे आणि घड्याळ बघायचे. सील पाण्याखाली कसा राहतो ते म्हणे स्वतःला कळायला हवं. एकदा तोंड जांभळं झालेलं पाहून मी घाबरून पाठीत थापा मारल्या, तर माझ्यावरच रागावले. "काय हे वहिनी, अर्धंच मिनिट राहिलं होतं!" घरमालकीणबाई चहाला आल्या की दीर सतरंजीवर पालथे पडून डोकं आणि पाय वर उचलून दाखवत. सील अंग कोरडं ठेवायला असा वाकतो म्हणे. बाई "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत मान डोलवायच्या आणि मी शरमेने स्वयंपाकघरात जायची.

तेही चालवून घेतलं असतं. पण सासूबाईंनी दिलेली माझी पितळी पुरणाची चाळण! होळीच्या आदल्या दिवशी ती मला न्हाणीघरात सापडली. तिच्यातून सीलची विष्ठा गाळली होती. वर दीर आनंदाने सांगतात, "वहिनी, बघा, माशाच्या कानातला खडा! काय खाल्लं ते यावरून कळतं." मला काय खावं ते कळेना.

मग जूनमध्ये एके दुपारी ते कोटात सीलचं पिल्लू गुंडाळून आले. तान्ह्या बाळासारखं रडत होतं.

"अनाथ आहे, वहिनी. वाळूवर एकटंच होतं."

"आई मेलेली पाहिलीत?"

"नाही."

"मग अनाथ कसं? मासे धरायला गेली असेल. भावोजी, एवढं शिकून बाळंतिणीचं मूल उचलून आणलंत? आत्ताच्या आत्ता ठेवून या!"

मी त्या घरात कधी आवाज चढवला नव्हता. दीर एवढंसं तोंड करून म्हणाले, "माणसाचा वास लागलाय. आता ती घेईल का?"

याचं उत्तर चौथी शिकलेल्या बाईला कुठून ठाऊक असणार? मीही बरोबर गेले. पिल्लू होतं तिथे ठेवून आम्ही लांब बांधाआड बसलो. भरती चढू लागली. बऱ्याच वेळाने पाण्यातून एक गोल डोकं वर आलं. ती वाळूवर सरपटत आली, पिल्लाच्या नाकाला नाक लावलं, मागे सरली. पुन्हा हुंगलं. दिरांनी श्वास कोंडला होता, पण या वेळी घड्याळ बघत नव्हते. मग ती कुशीवर वळली आणि पिल्लू लुचू लागलं.

"हे सगळं पुस्तकात वाचलं होतं मी," ते हळूच म्हणाले.

"मग आणलंत कशाला?"

"रडत होतं हो."

घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडे पत्राचा कागद मागितला. मी दोन दिले. फक्त चाळणीचं आईंना कळवू नका, एवढंच सांगितलं.