टेबलावर ठेवलेला बिल्ला

परंड्याच्या एका झाडूवाल्या चाचांनी त्या दिवशी आपला पितळी बिल्ला माझ्यासाठी टेबलावर काढून ठेवला. ठेवला नसता, तर मी आज इथं आफ्रिकेत कापसाच्या जिनिंगच्या यंत्राला तेल घालत नसतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं माझी फजितीच जास्त आहे.

मी मुरुमचा. सहावीत शाळा सोडली आणि जिनिंगमध्ये लागलो. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला बारा-तेरा वर्षं झाली असतील, तेव्हा एका व्यापाऱ्यानं त्याच्या इकडच्या कारखान्यासाठी मला बोलावलं. मुंबईहून बैरुत, तिथं विमान बदलायचं. पुढचं विमान आठवड्यातून एकदाच. "ते चुकलं तर माघारी पाठवतील, परवानगीची मुदतबी संपंल," असं तिकिटं काढून देणाऱ्यानं तीनदा बजावलेलं.

बैरुतचा विमानतळ समुद्राला खेटून. तिथं सगळे मौजेला आलेले. गवती टोप्या, काळे चष्मे, उघड्या पिंढऱ्यांच्या बाया, पोरांच्या हातात वाळूत खेळायच्या बादल्या. त्यात मी एकटा बंद गळ्याच्या कोटात, काखेत वळकटी, कागदांची पिशवी पोटाशी धरून. भोंग्यातून कोणी काही बोललं की वाटायचं, आपलंच विमान गेलं.

पोटात आदल्या दिवसापासून अन्न नव्हतं. आम्ही लिंगायत, अंघोळ करून गळ्यातलं लिंग हातावर घेऊन पूजल्याशिवाय घास घेत नाही. विमानात दोनदा ताट आलं, दोनदा परत केलं. आता मात्र डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली. शेवटी मोरीत गेलो, पंचा नेसलो आणि हात धुवायच्या नळाखाली तांब्या धरून चांगली अंघोळ केली. कपाळाला विभूती लावली, कोपऱ्यात मांडी घातली, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं.

अंघोळीचं पाणी दाराखालून बाहेर वाहत गेलं होतं, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

आधी म्हातारा झाडूवाला ओरडत आला. पाठोपाठ गणवेशातला अंमलदार. ओला उघडा माणूस, कपाळाला राख, हातात काळी वस्तू! त्यानं मला तसंच बाहेर टेबलापाशी आणलं आणि हात पुढं केला. मी मूठ घट्ट मिटली. लिंग दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं? आणि नाही दिलं तर विमान कसं गाठायचं?

"अरं देवा, आता काय करू!" तोंडातून गेलं.

पाणी लोटणाऱ्या झाडूवाल्याचा हात थांबला. "कुठला रं तू?"

मला आधी भास वाटला. "मुरुमचा. उमरग्याकडचा."

"म्या परंड्याचा. बाप निजामाच्या फौजंत अरब हुता. ॲक्शननंतर आमाला जहाजात बशिवलं." मग माझ्या मुठीकडं बघून म्हणाले, "लिंग हाय नव्हं? आमच्या शेजारी जंगम ऱ्हायचे. पर त्ये मोरीत न्हाय बसायचे, बावा!"

"चाचा, विमान जाईल हो माझं."

चाचा अंमलदाराशी अरबीत बोलू लागले. तो काही ऐकेना. चाचा मला म्हणाले, "ह्यो म्हंतो, वस्तू सायबाकडं जाईल, तपासणीला घंटाभर लागंल. तुजं विमान तर सुटायलाच आलंय. मूठ उघड. तू धर, त्यो नुसता बघंल. हात लावू देत न्हाय."

मी मूठ उघडली. अंमलदार वाकून बघत राहिला. पण मान हलेना. तेव्हा चाचांनी छातीवरचा बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला. ठक् असा आवाज झाला. बिल्ल्याशिवाय तिथं कामाला उभं राहता येत नाही, हे मला नंतर उमगलं.

अंमलदारानं बिल्ला खणात टाकला आणि मला हातानं 'जा' केलं.

ओल्या पंच्यावरच कोट चढवला. चाचा माझी वळकटी घेऊन पुढं पळत होते.

"काय सांगितलंत हो त्याला?"

"सांगितलं, येडा हाय, पर चोर न्हाय. पळ!"

विमानाच्या शिडीपाशी मी वळकटीतून ज्वारीच्या कडक भाकऱ्यांचा डबा काढला आणि होता तेवढा त्यांच्या हातात दिला. चाचांनी झाकण उघडून नुसता वास घेतला. "जुंधळा!" म्हणाले, आणि त्यातली एक भाकरी मोडून निम्मी माझ्याच खिशात कोंबली. "आता तरी खा की रं."

खिडकीतून पाहिलं तर ते तिथंच उभे होते. खाकी सदऱ्यावर बिल्ल्याच्या जागी तेवढाच गडद गोल दिसत होता. बाकीचा सदरा विटलेला.

बिल्ला त्यांना परत मिळाला का? चार वर्षं झाली, अजून जेवायला बसलो की हा प्रश्न आधी येतो. पत्र कुणाच्या नावानं टाकू? पुढच्या साली माझा करार संपतो. जाताना मी बैरुतवरूनच जाणार, आणि चाचांना शोधल्याशिवाय पुढचं विमान धरणार नाही, मग ते चुकलं तरी चुकू दे. छातीवर बिल्ला असला तर पाया पडेन. नसला, तर त्या अंमलदाराच्या टेबलापुढं ह्या खेपेला मी उभा राहीन.