पंधरा पौंडांची झडप

ढाणकीच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये नौशाद मिस्त्रीला कुणी बढती दिली नाही, पण एक पदवी मात्र दिली होती: गळतीचा दुश्मन. रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसमधून तेलाचा एक थेंब सुटला तरी त्याला घास गोड लागत नसे. तेल गळलं की दाब गेला, दाब गेला की गाठ ढिली. बावीस वर्षं त्याने एकच काम केलं, जिथून काही सुटतंय तिथे ते बंद करायचं. मग कापसाचेच दिवस फिरले. भाव पडले, आवक आटली, आणि दोन हजार पाचच्या हंगामात फाटकाला लागलेलं कुलूप पुन्हा उघडलंच नाही. नौशादने घरासमोरच्या कडुनिंबाखाली पान्यांची पेटी मांडली आणि तो गाड्यांचा मिस्त्री झाला.

"गाडीतलं तुमाले काय समजते?" त्याची बायको गौहर म्हणाली.

"लोखंड ते लोखंडच असते," असं त्याने ठणकावून सांगितलं. लोखंडालोखंडात फरक असतो, हे कळायला त्याला एक वर्ष लागलं.

त्याचं पहिलं आणि बरेच दिवस एकुलतं गिऱ्हाईक म्हणजे मैनाबाई. तीस वर्षं सरकारी नर्स म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. दवाखान्याने त्यांना सोडलं, त्यांनी दवाखाना सोडला नाही. एक जुनी टर्बोची डिझेल जीप घेतली, वयाच्या साठीला गाडी शिकल्या, आणि आसपासच्या गावांत कुणाला काही झालं की स्वतः पुसदला घेऊन जाऊ लागल्या. अडचण एकच, वाटेवरच्या घाटात जीपला दम लागायचा.

नौशादने बॉनेट उघडलं. टर्बो ही तशी साधी युक्ती. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चाक फिरतं आणि ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. त्याच्या बगलेला एक झडप असते, वेस्टगेट म्हणतात तिला. तिच्यातून थोडा धूर चाकाला न लागता परस्पर निघून जातो. या जीपच्या झडपेची स्प्रिंग म्हातारी झाली होती, त्यामुळे झडप सदा अर्धवट उघडी. गळतीच्या दुश्मनाला आयतं सावज सापडलं. त्याने झडप ठोकून बसवली आणि वरून वेल्डिंग मारून टाकलं.

जीप घाट अशी चढली की बाई येताना त्याच्यासाठी जिलेबी घेऊन आल्या. आठ दिवस नौशादला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

नवव्या दिवशी शेजारच्या गावच्या धावजीला कापूस वेचताना साप चावला. बाई त्याला घेऊन निघाल्या आणि ऐन घाटात इंजिनाच्या डोक्याखालचं, दाब आणि पाणी अडवून धरणारं गॅस्केट फुटलं. बॉनेटमधून वाफेचा लोट आला आणि जीप जागीच बसली. मागून कापसाचा ट्रक आला म्हणून निभावलं. बाईंनी धावजीला ट्रकमध्ये घालून पुसद गाठलं, तो वाचला. जीप दुसऱ्या दिवशी दोरीला बांधून कडुनिंबाखाली आली.

"जुनी गाडी हाय, नौशादभाऊ," बाई म्हणाल्या. "तिचाबी दम संपला असंल."

नौशादने नुसतं 'हाव, बाई' म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. वेल्डिंग कुठे आहे ते बाईंना दिसणार नव्हतं, समजणारही नव्हतं. पण धावजीचं काही झालं असतं तर, हा विचार रात्रभर त्याच्या उरावर बसला होता.

"गाडीचं नाई चुकलं, बाई. माह्यं चुकलं," तो म्हणाला. "तो धूर सुटाले पाह्यजे होता. म्या झडपच बंद करून टाकली. दाब वाढत गेला न् गॅस्केट फुटलं. तुमी आता पुसदच्या मिस्त्रीकडे जा. मी पेटी इकून टाकतो."

बाईंनी पदराने कपाळ पुसलं. "पुसदचा मिस्त्री मले असं सांगन का? उद्याच्या यष्टीनं नागपूरले जा. चांगली, मजबूत झडप आणा. तुमीच बसवा."

गौहरने त्या दिवशी मैनाबाईंच्या नावाने दुआ मागितली. नौशादला तेवढंही सुचलं नाही.

नागपूरला स्पेअर पार्टच्या दुकानात उत्तमसिंग नावाचे म्हातारे गृहस्थ होते. नौशादने काही न लपवता सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. "तुमच्या प्रेसच्या पंपावर सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हता?" एवढंच विचारलं.

नौशाद चपापला. होता की! सील मारलेला असायचा, मोठ्या मिस्त्रीशिवाय कुणी हात लावायचा नाही. बावीस वर्षं तो रोज त्याच्या बाजूने गेला आणि तो कशासाठी आहे हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

उत्तमसिंगांनी दोन झडपा पुढे ठेवल्या. एक पहिल्यासारखीच, दुसरी कडक स्प्रिंगची, जाड पत्र्याच्या डबीची. "ही घ्या. घाटाला टिकेल. पण पंधरा पौंड दाबाला उघडली पाहिजे. आधी नाही, नंतर नाही."

जुने नट उष्णतेने असे जाम झाले होते की दोन दिवस डिझेल पाजून, ठोकून ठोकून ते सुटले. इंजिनाचं डोकं घासून आणलं, नवं गॅस्केट बसवलं. मग नव्या डबीला सायकलचा पंप आणि टायरची हवा मोजायचं घड्याळ जोडून नौशाद बसला. बारा पौंडांना झडप उघडणारी सळई हलली. त्याने सळईचा आटा अर्धा फेरा आवळला. चौदा. अजून थोडा. पंधराला सळई हलली, आणि दाब सोडताच मागे गेली. त्याने ते वीस वेळा करून पाहिलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच तो काहीतरी सुटण्याची वाट बघत होता.

"आधी रिकामी गाडी घाटात नेऊन पाहतो," तो म्हणाला. ते घड्याळ त्याने लांब नळीने आत, आपल्या डोळ्यांपुढे आणून ठेवलं होतं.

"रिकामी कायले?" म्हणत बाई चालकाच्या जागेवर बसल्या. मागे पुसदला परीक्षेला निघालेली त्यांची नात अर्पिता आली, पुस्तकं आणि बिछान्याची वळकटी घेऊन.

घाट लागला. काटा दहावर गेला, बारावर, चौदावर. नौशादचे ओठ हलू लागले. वाफेचा लोट आला होता ते वळण आलं. काटा पंधराला टेकला आणि तिथेच थांबला. जीप एका लयीत चढत राहिली. मागे अर्पिता खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

माथ्यावर बाईंनी गाडी थांबवली. नौशाद उतरला, बॉनेट न उघडता नुसताच त्यावर हात ठेवून उभा राहिला.

"बाई," शेवटी तो म्हणाला, "पोरीले काहून आणलं? यष्टी होती ना."

"होती," बाई म्हणाल्या. "पण धावजीची बायको इचारत होती, आता त्या गाडीत बसावं का. तिले मी काय सांगू? म्हटलं, आधी माह्यं लेकरू बसवते."

नौशादने तोंड फिरवलं आणि खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले. ते फडकं ऑइलचं होतं. पुसदपर्यंत तो काळ्या तोंडानेच गेला, आणि बाईंनी त्याला ते सांगितलं नाही.