आम्ही केलेला अण्णांचा सत्कार

उभ्या बेंगळूरमध्ये वाढत्या वयाच्या पोरांना एका शब्दाचाही उपदेश न करणारा मोठा माणूस एकच होता, आणि त्याला आमच्या मराठी मंडळाने शाल पांघरवून घालवून दिलं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. यशवंतपूरच्या एका कारखान्यात ते फिटर होते आणि रविवारी सकाळी मंडळाच्या मागच्या खोलीत आमचा युवक वर्ग घेत. अठ्ठावीस वर्षं घेतला. ‘वर्ग’ हा शब्द आमच्या आयांचा; तिथे ना फळा होता ना प्रार्थना. अण्णांचं ठाम मत होतं, की या वयाचं मूल समोर बसवून विचारलं तर खोटंच बोलतं. म्हणून थंडीत ते अवरेकाईचं, म्हणजे पावट्याच्या शेंगांचं, पोतं मध्ये ओतत, आणि इतर महिन्यांत लसूण. सगळ्यांनी गोल बसून सोलायचं. हात गुंतलेले आणि नजर खाली असली की तोंड आपोआप उघडतं. मी बारावीला नापास झाल्याचं घरच्यांच्या आधी तिथेच सांगितलं. अण्णा सोलता सोलता म्हणाले, “सरी, ठीक आहे. वडिलांना तू सांगतोस की मी सांगू? मी सांगितलं तर चहा मला मिळेल.” मीच सांगितलं. पण अण्णा नेमके त्याच वेळी चहाला येऊन बसले होते, त्यामुळे वडिलांचा हात काही उठला नाही.

दुसरी खोड जास्त धोक्याची. वर्षातून एकदा ते पाच-सहा मुलामुलींना बसने शहराबाहेर होसकोटेला नेत, स्टँडवर उतरवत आणि सांगत, “आता कन्नडमध्ये विचारत विचारत घरी या. फोन करायचा नाही.” आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्यांना त्याचं काही वाटत नसे, पण पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्यांची मुलं पांढरीफटक पडत. अण्णा म्हणत, “राहतोस तिथे रस्ता विचारायची लाज वाटली, तर जन्मभर पाहुणाच राहशील.” आम्हाला सोडून ते निघून जात, असं आम्हाला वाटायचं. खरं तर ते आमच्या परतीच्या बसच्या मागच्या सीटवर, तोंडाला लाल मफलर गुंडाळून बसलेले असत. बेंगळूरच्या भर उन्हाळ्यात मफलर गुंडाळलेला माणूस कुणालाच कसा दिसला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मला ते कळलं नोकरीला लागल्यावर, त्यांच्याच तोंडून.

गेल्या वर्षी महादेवपुऱ्यातल्या एका मुलीच्या आईला होसकोट्याचं कळलं. तिने मंडळाकडे तक्रार केली, “माझी मुलगी हरवली असती तर?” प्रश्न चुकीचा नव्हता. मुलीला मात्र कुणी काही विचारलं नाही; ती त्या दिवशी सगळ्यांच्या आधी घरी पोचली होती. कार्यकारिणीची बैठक बसली. अध्यक्ष म्हणाले, “आता प्रोफेशनल ट्रेनर हवेत. अण्णांचं क्वालिफिकेशन तरी काय?” मी मंडळाचा कार्यवाह. अण्णा सबंध वाटभर मुलांच्या मागे असतात, हे एक वाक्य त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मला वाद नको होता. मी खाली मान घालून इतिवृत्त लिहीत राहिलो आणि शेवटी ‘सर्वानुमते’ असं लिहिलं. अण्णांना गेलेल्या पत्रावर सही माझीच होती.

नवे ट्रेनर आले. ते एकेकाला उभं करून स्वतःचे गुण सांगायला लावत. चार रविवारांत खोली रिकामी झाली. एकट्या राहणाऱ्या अण्णांनी बेळगावला मुलीकडे कायमचं जायचं ठरवलं, तेव्हा कुठे मंडळाला त्यांच्या प्रदीर्घ सेवेची आठवण झाली. घाईघाईने सत्कार ठरला. अध्यक्ष पाऊण तास मंडळाच्या प्रगतीवर बोलले आणि मग अण्णांच्या कानाशी लागून म्हणाले, “स्वल्प, जरा थोडक्यात आटपा.” मानपत्र मी लिहिलं होतं: ‘मुलांच्या मागे ते सदैव सावलीसारखे उभे राहिले.’ अण्णांनी चष्मा लावून ते सगळं मनातल्या मनात वाचलं. सभागृह ताटकळलं. मग त्यांनी माइकवर विचारलं, “हे कुणी लिहिलं?”

मी उभा राहिलो.

“छान लिहिलंयस. बैठकीत बोलला असतास तर लिहावं लागलं नसतं.”

आणि ते खाली बसले. लोकांना तो विनोद वाटला. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या.

बेळगावची गाडी दुपारची होती. मी त्यांच्या पेट्या उचलून डब्यात ठेवल्या आणि विचारलं, “अण्णा, माझ्यावर राग आहे?”

“आहे. बराच आहे.”

“मग मला स्टेशनवर का येऊ दिलंत?”

“पेट्या जड होत्या.”

गाडी सुटायला वेळ होता. ते खिडकीकडे सरकले आणि शेजारची जागा हाताने झटकली. मी बसलो. फलाटावर कुणी दुसरं निरोपाला आलं नव्हतं. पोचल्यावर फोन करीन असं ते म्हणाले नाहीत, ‘करा’ असं मीही म्हटलं नाही. नंबर माझ्याकडे आहे. लावायला घेतो आणि काय बोलायचं ते ठरत नाही. अण्णा शेजारी लसूण सोलत बसले असते तर ते ठरवावं लागलं नसतं.